डोहातली एकतीस नावं

बसा. मांड्या आवरून बसा, मागच्यांनाही जागा द्या. ज्याला उठायचं असेल त्यानं आत्ताच उठावं, गोष्टीच्या मधे उठून जाणाऱ्याचा मला भारी राग येतो. गोष्ट फार वर्षांपूर्वीची. इतकी जुनी, की माझ्या पणजीनं तिच्या पणजीकडून ऐकली. आणि आधीच सांगून ठेवतो, ही आमच्या गावाच्या मोठेपणाची गोष्ट नाही, लाजेची आहे. मोठेपणाच्या गोष्टी सांगणारे पुष्कळ पडलेत, त्या ऐकायच्या तर खुशाल त्यांच्याकडे जा.

करंजी नदीच्या काठी आमचं शिरसवण गाव. गाव वर, अर्ध्या कोसावर खाली वाडी, आणि दोघांच्या मधे डोह. गावात तेव्हा घरोघरी अंबाडी पिकायची आणि घरोघरी दोर वळायचे. बैलाची वेसण म्हणू नका, कासरा म्हणू नका, मोटेचा नाडा म्हणू नका, चार बाजारांत माणूस विचारायचा, ‘शिरसवणचा आहे का?’ आणि मगच हात लावायचा. असं म्हणतात, शिरसवणच्या दोरानं बांधलेला बैल तुटायचा, पण दोर तुटायचा नाही. आता बैल कसा तुटेल ते मला विचारू नका. आमच्या लोकांना फुशारकी मारायची सवय जुनीच आहे.

दोर करायचा तर अंबाडी आधी कुजवावी लागते. तुळशीचं लग्न झालं, की गाव पेंढ्या बांधून डोहावर न्यायचं, पाण्यात बुडवायचं आणि वर दगड ठेवायचं. वीस-बावीस दिवसांत साल सुटते, मग ती सोलायची. सोलायला वाडीची माणसं यायची, कमरेइतक्या पाण्यात दिवसभर उभी राहायची आणि संध्याकाळी पदरात दाणे घेऊन जायची. तोवर डोहाचं पाणी काळं व्हायचं. वास असा, की काठावरून जाताना गुरंसुद्धा तोंड फिरवायची. गावाला त्याचं काय? गाव देवळामागच्या विहिरीचं पाणी प्यायचं. त्या विहिरीला वाडीनं शिवायचं नाही, असा तेव्हाचा रिवाज होता. सांगतानाही जीभ अडखळते, पण होता. वाडी प्यायची ती नदी, डोहातून खाली येणारी.

या गावात बयजाई नावाची वैदीण होती. बाई विधवा, अंगानं उंच, बोलायला फटकळ आणि हाताला यश असलेली. असं म्हणतात, दारात रोगी आला, की नुसत्या पावलांच्या आवाजावरून ती दुखणं ओळखायची. पोटाच्या दुखण्यावर तर तिच्यासारखं कुणीच नव्हतं. कुड्याची साल द्यायची आणि सांगायची, “रात्री भिजत घाल, सकाळी गाळून पाज, आणि पथ्य पाळ.” तीन दिवसांत पोर अंगणात उड्या मारायला लागायचं. गावानं तिला मोठा मान दिला होता. अंबाडीची पहिली पेंढी डोहात बुडवायची ती बयजाईच्या हातानं. हळदकुंकू वाहून ती पेंढी पाण्यात सोडायची आणि मग बाकीचं गाव. वीस वर्षं तिनं तो मान मिरवला, आणि खरं सांगायचं तर तिला तो आवडायचाही.

आता वाडीचं ऐका. तिथं दर थंडीत पोरांना हगवण लागायची. एखाद्या वर्षी एक पोर जायचं, एखाद्या वर्षी तीन. वाडीतल्या पोरांची नावं काय असायची ठाऊक आहे? दगडू, धोंडू, केरू, उकिरडी. चांगलं नाव ठेवलं तर काळाची नजर लागते, म्हणून. बयजाई वाडीलाही औषध द्यायची, फुकट द्यायची, हातचं काही राखायची नाही. तीच साल, तेच सांगणं. पण गावात लागू पडणारं औषध वाडीत लागू पडत नसे. मग बयजाई म्हणायची, “मी साल देईन, माझं शहाणपण कुठून देऊ? या बायका पथ्यच पाळत नाहीत!” आणि गाव मान डोलवायचं. हे ऐकायला गावाला फार बरं वाटायचं.

वाडीत ठकू नावाची बाई होती, केरूची बायको. तिची दोन पोरं अशीच गेली. तिसरं आजारी पडलं तेव्हा ती बयजाईच्या अंगणात आली आणि लांब उभी राहून म्हणाली, “आई, रागावू नका, पण पाण्याला वास येतोय. पाणीच बाधतंय असं वाटतं.”

बयजाई पाट्यावर काहीतरी वाटत होती. तिनं मान वर केली नाही. “वास तुझ्या घागरीला येत असेल,” ती म्हणाली. “राख लावून घासत जा जरा.”

ठकू साल घेऊन गेली. तिसरं पोरही गेलं. पुढं बाजाराच्या वाटेवर दोघींची गाठ पडली, तेव्हा चार बायकांच्या देखत बयजाई तिला बोलली, “तीन पोरं घालवलीस ठके, आता तरी पथ्य शीक!” ठकूनं खाली बघितलं आणि डोक्यावरचा भारा सावरत निघून गेली. त्यानंतर ती बयजाईच्या दारात कधी आली नाही.

चार वर्षांनी ठकूला मुलगी झाली. तिचं नाव उकिरडी. पोर वर्षाची होत आली, आणि तुळशीचं लग्न होऊन आठ-दहा दिवस झाले असतील, तिला हगवण लागली. वाडीतून बाजाराला जाणाऱ्या बायकांकडून बयजाईला कळलं. हेही कळलं, की ठकू औषधाला यायची नाही म्हणते.

बयजाईला ते झोंबलं. बरं, पोरीचा कळवळा आला असं नाही हो, मान दुखावला! ती म्हणाली, “मी स्वतः जाते. माझ्या हातानं पथ्य करवते, आणि पोर बरी करून दाखवते सगळ्या वाडीला.” सालीची पिशवी घेतली आणि ताडताड निघाली. वाडीत मुक्काम करणारी गावातली ती पहिलीच बाई, असं म्हणतात.

ठकूनं तिला दारात बघितलं आणि बाजूला सरकली. बयजाईनं पदर खोचला. घागर राखेनं तीनदा घासली. पाणी स्वतः आणलं, दुहेरी फडक्यानं गाळलं, साल भिजत घातली, सकाळी गाळून पोरीला चमच्याचमच्यानं पाजली. भाताची पेज स्वतः केली. एक कण इकडचा तिकडं होऊ दिला नाही. पोर आणखीच सुकली. दुसऱ्या दिवशी तिचे डोळे खोल गेले, रडली तर आवाज येईना. आणि त्याच दिवशी बयजाईच्या पोटात कळ आली. तिनं स्वतःचंच औषध भिजवून घेतलं. कळ थांबेना. तिसऱ्या दिवशी ही उंचपुरी बाई ठकूच्या घोंगडीवर आडवी पडली होती, आणि ठकू एका मांडीवर पोर घेऊन दुसऱ्या हातानं तिच्या तोंडाला पाणी लावत होती.

बयजाई क्षीण आवाजात म्हणाली, “ठके, माझं चुकलं कुठं गं?”

ठकू अगदी साधेपणानं म्हणाली, “आई, पथ्य पाळलं नसेल तुम्ही.”

तिनं टोमणा मारला असता तर बयजाईनं सोसलं असतं. पण ती मनापासून तसं म्हणाली. वीस वर्षं जे ऐकलं होतं, तेच तिला खरं वाटायला लागलं होतं. आपली तीन पोरं आपणच घालवली, असं धरून ती बाई जगत होती. बयजाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. तिनं तोंडापाशी आलेलं पाणी हुंगलं. वास होता. चांगला कुजका, ओळखीचा वास होता. वीस वर्षं तिनं काठावर उभं राहून, हातात हळदकुंकू घेऊन तोच वास घेतला होता. तेव्हा तो तिला सुगीचा वास वाटायचा.

ती उठली. धड उभं राहवत नव्हतं. नदीचा काठ धरत, बसत-उठत अर्धा कोस चढली आणि डोहापाशी आली. पाणी काजळासारखं काळं, वर फेस, कडेला मेलेले मासे. आणि पहिल्या पेंढीवर तिनंच ठेवलेला दगड. तिथं बसून ती पोटभर रडली. पण रडून पोर जगत नाही, हे वैदिणीला कुणी सांगायला नको. ती देवळामागच्या विहिरीवर गेली, स्वतःची घागर भरली, डोक्यावर घेतली आणि भर दुपारी गावाच्या डोळ्यांदेखत वाडीकडं चालू लागली.

त्या पाण्यात साल भिजली. ठकूच्या मुलीनं दोन दिवसांत डोळे उघडले. बयजाई सकाळी एक घागर आणि संध्याकाळी एक घागर नेत राहिली. तिचं स्वतःचं पोट अजून दुखत होतं. गावात कुजबुज झाली. तिसऱ्या दिवशी सुभानजी पाटलानं विहिरीवरचा दोर आणि पोहरा काढून ठेवला. दोरांच्या गावात विहिरीला दोर नाही! गावकऱ्यांनी आपापला दोर घरून आणायचा आणि पाणी शेंदून परत न्यायचा, असं ठरलं. बयजाईला दोर द्यायचा नाही, असंही ठरलं. ती रिकामी घागर घेऊन काठावर उभी राहिली. असं म्हणतात, तेव्हा विहिरीचं पाणी आपण होऊन चढत चढत काठापर्यंत आलं, आणि तिनं वाकून घागर भरून घेतली. पाचव्या दिवशी उकिरडी मोठ्यानं रडली. सगळ्या वाडीला ऐकू गेलं, आणि ठकू त्या रडण्यावर हसली.

पोर वाचली. पण वाडीत आणखी चार पोरं आजारी होती, आणि एका बाईच्या डोक्यावरच्या घागरी पुरणार किती? बयजाई चावडीवर गेली. “पाटील,” ती म्हणाली, “डोहातली अंबाडी काढा. वाडीची पोरं तिनं मरतात.”

पाटील काही दुष्ट माणूस नव्हता. त्याच्या घरीही दोनशे पेंढ्या होत्या, एवढंच. तो म्हणाला, “बयजाई, वाहत्या पाण्याला दोष नसतो, हे पोरंसोरं पण जाणतात. आणि दोर बंद झाला तर गाव खाणार काय? त्या वाडीच्या चुलीसुद्धा आमच्या अंबाडीवरच पेटतात ना?”

“दोर बंद करा असं कोण म्हणतंय? आपापल्या शेतात खड्डे खणा, त्यात भिजवा.”

“आणि खड्ड्यात पाणी कोण ओढणार? तू?”

सगळे हसले. बयजाईला राग आला नाही. वीस वर्षं तीही याच माणसांबरोबर याच गोष्टींवर हसली होती, मग कुठल्या तोंडानं रागावणार? ती तशीच उठली आणि डोहावर गेली. सोलायचे दिवस आले होते. गाव काठावर होतं, वाडीच्या बाया कामाला आल्या होत्या, ठकूही होती. बयजाई लुगड्यासकट पाण्यात उतरली. गळ्यापर्यंत आत गेली आणि उभी राहिली. काळं पाणी तिच्या हनुवटीला लागत होतं.

ती मोठ्यानं म्हणाली, “मी पोरं मारली. त्यांची नावं घेते, ऐका.”

आणि ती गप्प झाली. कारण तिला नावं येतच नव्हती. वीस वर्षं औषध दिलं, पण नाव कधी विचारलं नाही. ठकूचं पहिलं, ठकूचं दुसरं, त्या पलीकडच्या घरातलं, असंच तिच्या डोक्यात होतं. हजार माणसांपुढं ती तोंड उघडून उभी राहिली आणि एक नाव तिच्या तोंडून निघेना. याहून मोठी शरम माणसाची काय व्हायची?

तेव्हा काठावरून ठकू म्हणाली, “दगडू.”

बयजाईनं पाण्यातून म्हटलं, “दगडू. त्याच्या आईनं पथ्य पाळलं होतं. पाणी आमचं वाईट होतं.”

असं म्हणतात, ते बोल संपले आणि डोहाच्या तळाशी काहीतरी हललं. दगड बाजूला सरकला आणि एक पेंढी वर आली. ठकू म्हणाली, “धोंडू.” बयजाईनं तेच म्हटलं, दुसरी पेंढी वर आली. ठकूनं तिसरं नाव घेतलं, पण ते तिला नीट घेता आलं नाही. मग शेजारची पुढं झाली, मग तिच्या शेजारची. एकेक आई पुढं यायची, नाव सांगायची, बयजाई ते म्हणायची, ‘त्याच्या आईनं पथ्य पाळलं होतं’ म्हणायची, आणि एक पेंढी पाण्यावर यायची. गावातली माणसं एकमेकांकडं बघेनात. कुणी पागोटं काढून हातात घेतलं, कुणी उगाच जमिनीकडं बघत राहिलं.

एकतीस नावं झाली. पुढं कुणी आई आली नाही. एकतीस पेंढ्या पाण्यावर तरंगत होत्या आणि बाकीच्या शेकडो अजून दगडांखाली होत्या.

बयजाईनं काठाकडं बघितलं आणि विचारलं, “पाटील, या खालच्या कुणाच्या नावानं ठेवल्यात?”

सुभानजी पाटील अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात उतरला. पहिला दगड त्यानं उचलला तो स्वतःच्या पेंढीवरचा. मग गाव उतरलं. दिवस मावळायच्या आत डोहात एक काडी उरली नाही.

आता आमच्याकडं काही म्हातारे सांगतात, की कुठली पेंढी आपण होऊन वर आली नाही. एकेका नावाला गावातला एकेक माणूसच पाण्यात उतरला, दगड काढत गेला आणि रडत गेला. पण आपण रडलो हे नातवंडांना सांगायची त्यांना लाज वाटली, म्हणून पेंढ्या आपोआप आल्या असं सांगितलं. खरं काय, देव जाणे. मला दोन्ही पटतं. विहिरीचं मात्र विचारू नका. ती वाडीला खुली व्हायला त्यानंतर किती पिढ्या गेल्या, ते मोजायला बसलो तर मला इथून तोंड लपवून उठावं लागेल.

दुसऱ्या वर्षापासून शेतात खड्डे खणले, मोटेनं पाणी ओढलं, कंबरडी मोडली, पण दोर तसेच चालले. बयजाईनं पहिल्या पेंढीचा मान सोडला. ती ठकूच्या दारात गेली, अंगणात बसली आणि म्हणाली, “ठके, मला काय शिक्षा द्यायची ती दे.”

ठकू म्हणाली, “माझी तीन पोरं परत येतील का आई? मग कशाला शिक्षा. बसायचं तर बसा. मी मात्र ‘झालं गेलं, जाऊ द्या’ असं म्हणणार नाही.” आणि तिनं ते कधीच म्हटलं नाही. बयजाई रोज त्या अंगणात येऊन बसायची. रोग्याला आधी विचारायची, पाणी कुठलं पितोस, मग नाव विचारायची, आणि मगच औषधाला हात घालायची. म्हातारी होऊन ती त्याच अंगणात गेली. असं म्हणतात, ती गेली त्या दिवशी डोहाचं पाणी इतकं निवळ झालं, की काठावर उभ्या माणसाला तळातले खडे मोजता यावेत.

अंबाडी आता आमच्याकडं कुणी लावत नाही. दोर नायलॉनचा आला, बैल गेले, ट्रॅक्टर आले. तरीही तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी वरचं गाव खाली वाडीत जातं. याला आम्ही ‘बयजाईचं विचारणं’ म्हणतो. पाटलाच्या घरचा माणूस पुढं, चपला वेशीबाहेर काढायच्या, अंगणात उभं राहायचं, बसायचं नाही. वाडीच्या बाया ओट्यावर बसतात. आपण विचारायचं, “यंदा पाणी बाधलं का?” त्या लगेच उत्तर देत नाहीत. आधी आपण एकतीस नावं म्हणायची, कागद न बघता. ‘बाधलं’ असं उत्तर आलं, तर त्याच पावली नदीच्या काठानं वर वर चालत जायचं, आणि कारण सापडेपर्यंत कुणी घरी जाऊन जेवायचं नाही. अलीकडं दोनदा जावं लागलं. कारण दोन्ही वेळा आपल्याच शिवारात सापडलं.

गेल्या वर्षी पाटलांच्या घरातला शिकलेला तरुण पुढं होता. एकोणीस नावं त्यानं घडाघडा म्हटली आणि विसावं काही केल्या आठवेना. मागं आम्ही पन्नास माणसं उभी होतो. माझ्यासारखा जन्मभर बडबड करणाराही होता. एकालाही ते नाव आठवलं नाही. उन्हं वर आली, पाय भाजायला लागले. आम्ही माना खाली घालून उभे राहिलो.

ओट्यावरच्या म्हाताऱ्या बाईनं थोडी वाट बघितली. मग ती म्हणाली, “पहिल्यापासून म्हणा.”